‘काहीतरी घडले’

२०१५ सालच्या जुलै महिन्यात विंडोज १० ही कार्यप्रणाली प्रसिद्ध झाली. ती आपल्या संगणकावर बसवू पाहणाऱ्या अनेकांच्या पडद्यावर एक लहानशी चौकट उमटली. चौकटीच्या शीर्षकाच्या जागी दोन इंग्रजी शब्द होते आणि खाली, मजकुराच्या जागी, पुन्हा तेच दोन शब्द. मराठीत त्यांचा अर्थ एवढाच होतो : ‘काहीतरी घडले’. त्याखाली चौकट बंद करण्याचे बटण. या चौकटीची जगभर यथेच्छ थट्टा झाली आणि ती होणे योग्यच होते. परंतु वाक्ये वाचणे हा ज्यांना गंभीर व्यवहार वाटतो त्यांनी थट्टेपाशी थांबू नये, असे आमचे मत आहे. या वाक्याला क्रियापद आहे पण क्रिया कोणती ते कळत नाही. कर्ता आहे पण तो कोण ते कळत नाही. तरीही वाक्य खोटे नाही, कारण काहीतरी घडले होतेच. सर्वच प्रसंगी खरे ठरणारे असे विधान वाचणाऱ्याच्या पदरात काहीच टाकत नाही. आणि असे विधान लिहिणाऱ्याला त्याची पुरेपूर जाणीव असते.

नव्याने जुळवलेल्या संगणकावर कार्यप्रणाली बसत नाही, हा प्रसंग साहित्यचर्चेच्या पानावर का आणावा, असा प्रश्न वाचकांना पडेल. आमचे उत्तर असे की हा प्रसंग मुळात वाचनाचा आहे. यंत्र काही सांगते, माणूस ते वाचतो, त्यावरून कारण शोधतो. प्रस्तुत लेखात आम्हांला एवढेच म्हणायचे आहे की या अपयशाची कारणे मोजकी असतात, क्रमाने गेल्यास ती साक्षर माणसाला सापडतात, आणि तरीही ती सापडू नयेत अशी व्यवस्था तिघांनी मिळून केली आहे. पहिला पक्ष कारण लपवणाऱ्या कंपन्यांचा, दुसरा कारणाऐवजी तोडगा विकणाऱ्यांचा आणि घेणाऱ्यांचा, आणि तिसरा पक्ष आम्हां मराठीत लिहिणाऱ्यांचा.

प्रथम या यंत्राविषयी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा गावोगावच्या दुकानांत जो ‘असेंबल’ केलेला संगणक मिळतो, त्यात प्रोसेसर एका कंपनीचा असतो, मदरबोर्ड दुसरीचा, रॅम तिसरीची, एसएसडी चौथीची, एसएमपीएस पाचवीचा आणि कॅबिनेट सहावीचे. या सहा जणांची परस्परांशी पहिली भेट त्या दुकानातल्या टेबलावर होते. संगणक चालू झाला, पडद्यावर मदरबोर्डाचे बोधचिन्ह दिसले, याचा अर्थ सर्वांची ओळखपाळख झाली इतकाच. खरी परीक्षा विंडोज टाकताना होते. कित्येक गिगाबाइटचा संकुचित मजकूर पेनड्राइव्हवरून वाचायचा, रॅममध्ये उलगडायचा आणि एसएसडीवर लिहायचा, हे या सर्व भागांनी मिळून करायचे पहिले मोठे काम असते. एखादा भाग कच्चा असला तर तो येथे उघडा पडतो. दोष मात्र येतो कार्यप्रणालीच्या माथी. “साहेब, विंडोज करप्ट आहे, परत टाकून देतो,” हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा संगणकधारक विरळा.

आता ही कारणे कोणती आणि ती कोणत्या क्रमाने तपासावीत ते पाहू. यंत्र ज्या क्रमाने जागे होते त्याच क्रमाने त्याची चौकशी करायची असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पडद्यावर काहीच येत नसेल तर अजून विंडोजचा प्रश्नच उद्भवलेला नाही. प्रोसेसरला वीज पुरवणारी वेगळी केबल लावली आहे का, रॅमची स्टिक खटका वाजेपर्यंत बसली आहे का, आणि मदरबोर्डावरचे बायोस त्या प्रोसेसरला ओळखते का, हे तीन प्रश्न येथे विचारायचे. तिसरा प्रश्न काल्पनिक नाही. एएमडीच्या एएम-४ या सॉकेटमध्ये २०१७ पासून प्रोसेसरांच्या अनेक पिढ्या बसल्या, पण जुन्या बायोसचा बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नसे. बायोस बदलायचे तर संगणक चालू व्हायला हवा, आणि चालू व्हायचा तर बायोस बदललेले हवे, असा पेच पडे. २०१८ साली खुद्द एएमडीला अशा ग्राहकांसाठी तात्पुरते वापरून परत करायचे प्रोसेसर पाठवावे लागले होते.

यंत्र जागे झाले, पण बसवायची डिस्क दिसत नाही, ही दुसरी पायरी. बायोसमध्येच डिस्क दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही, सदोष आहे, किंवा एम-२ स्लॉट वापरल्यामुळे बंद होणाऱ्या साटा पोर्टला जोडली आहे. बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या पडद्यावर दिसत नाही, असे असेल तर बहुधा ड्रायव्हरचा प्रश्न असतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून व्हीएमडी नावाचा पर्याय काही संगणकांवर चालू स्थितीत येतो. तो चालू असला की डिस्क एका वेगळ्या नियंत्रकाआड जाते, आणि त्या नियंत्रकाचा ड्रायव्हर बसवणाऱ्या प्रणालीपाशी नसेल तर तिच्या लेखी डिस्क अस्तित्वातच नसते. पर्याय बंद करावा किंवा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घालून पुरवावा, दोन मिनिटांचे काम आहे.

डिस्क दिसते, पण ‘या डिस्कवर विंडोज बसवता येणार नाही’ असा शेरा येतो, ही तिसरी. येथे दोन काळांची गाठ पडलेली असते. डिस्कची वाटणी नोंदवण्याची जुनी पद्धत एमबीआर आणि नवी जीपीटी. यंत्र जागे करण्याची जुनी पद्धत बायोस आणि नवी युईएफआय. जुन्याला जुने आणि नव्याला नवे लागते. एकच पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दोनदा दिसतो, एकदा युईएफआय या उपसर्गासह आणि एकदा त्यावाचून. चुकीच्या नोंदीवर बोट पडले की पुढचा सारा घोळ होतो. आणखी एक गोष्ट. युईएफआयसाठी पेनड्राइव्ह बहुधा फॅट-३२ पद्धतीने तयार करतात, आणि त्या पद्धतीत ४ गिगाबाइटची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. विंडोजची मुख्य फाइल आता बहुधा त्याहून मोठी असते. म्हणून हाताने नकल केलेला पेनड्राइव्ह अपुरा राहतो. तो त्यासाठीच्या साधनाने तयार केलेला बरा.

चौथी पायरी सर्वांत फसवी. फाइली उलगडू लागतात आणि मध्येच काम थांबते. शून्य-एक्स-८००७०५७० असा एखादा क्रमांक येतो. फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही, असा त्याचा अर्थ. येथे एकच प्रश्न विचारायचा : पुन्हा केल्यावर चूक तीच येते की वेगळी? दर वेळी त्याच ठिकाणी तीच चूक येत असेल तर बहुधा पेनड्राइव्ह, त्यावरची प्रत किंवा डिस्क दोषी असते. कधी १५ टक्क्यांवर, कधी ६० टक्क्यांवर, कधी निळा पडदा, कधी नुसताच पुनरारंभ, असे असेल तर संशय रॅमवर घ्यावा. खराब रॅम ठरावीक वाक्य चुकवत नाही. त्या घटकेला सदोष जागी जो मजकूर येईल तो बिघडवते. अशा वेळी रॅमचा वेग मूळ प्रमाणावर आणावा, एकेक स्टिक ठेवून पाहावी आणि मेमटेस्टसारखी मोफत चाचणी रात्रभर चालू ठेवावी.

रॅमच्या वेगाविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६००० असा आकडा छापलेला असतो. ग्राहक त्याचेच पैसे मोजतो. वस्तुतः तो आकडा एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचा पर्याय चालू केल्यावर मिळणारा, म्हणजे ओव्हरक्लॉक केलेला वेग असतो. एएमडीच्या २०२२ सालच्या रायझन ७००० मालिकेसाठी कंपनीने अधिकृतपणे सांगितलेला कमाल वेग ५२०० आहे. त्यापलीकडे जाणे हे ओव्हरक्लॉकिंग असून त्यातून झालेल्या नुकसानीला हमी लागू नसू शकते, असे कंपनीच बारीक अक्षरांत सांगते. एका खोक्यावर जी गोष्ट गुण म्हणून ठळक छापली आहे तीच दुसऱ्या कंपनीच्या तळटीपेत अपवाद म्हणून नोंदलेली आहे. या दोन टायपांच्या मध्ये ग्राहकाचा संगणक बंद पडतो.

पाचवी पायरी, पहिल्या पुनरारंभाची. बूटक्रमात पेनड्राइव्ह पहिला असेल तर संगणक पुन्हा त्याच्यावरून सुरू होतो आणि बसवण्याचे काम पहिल्यापासून मांडतो. काम फसले असे माणसाला वाटते. वस्तुतः ते निम्मे झालेले असते आणि पेनड्राइव्ह काढून घेणे एवढेच उरलेले असते. आणि सहावी पायरी आंतरजालाची. विंडोज ११ च्या होम आवृत्तीने २०२१ पासून आणि प्रो आवृत्तीने २०२२ पासून घरगुती वापरासाठी बसवतानाच आंतरजालाची जोडणी आणि कंपनीचे खाते मागायला आरंभ केला. नव्या मदरबोर्डाच्या नेटवर्क चिपचा ड्रायव्हर त्या प्रणालीपाशी नसेल तर जोडणी होत नाही, जोडणीवाचून पुढे जाता येत नाही, आणि ड्रायव्हर तर आंतरजालावरच असतो. वर सांगितलेल्या बायोसच्या पेचाचीच ही नवी आवृत्ती. दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर आणून ठेवला तर तो सुटतो, पण ही अट तांत्रिक गरजेतून आलेली नव्हे. ती धंद्याच्या सोयीतून आलेली आहे.

येथवर वाचलेल्या वाचकाने पाहिलेच असेल की यांत गूढ असे काही नाही. मग हे सारे गूढ का वाटते? कारण यंत्राच्या तोंडून जी भाषा वदवली जाते ती गूढ आहे. ‘आपल्या संगणकाला आवश्यक असलेला माध्यम-ड्रायव्हर सापडत नाही’ हा प्रसिद्ध संदेश पाहा. पुष्कळदा त्यामागे खराब उतरलेली फाइल किंवा अडखळणारा यूएसबी पोर्ट असतो. माणूस मात्र कधीही न सापडणाऱ्या ड्रायव्हरच्या शोधात दिवस घालवतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये अपरिचित नियंत्रकामागची डिस्क दिसत नसे. एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागे. वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, नव्या नियंत्रकामागची डिस्क तशीच दिसत नव्हती, आणि पडद्यावर वाक्यही जवळपास तेच होते : एकही डिस्क सापडली नाही. फ्लॉपी गेली, वाक्य राहिले. ‘डिस्क असू शकेल, पण ती ज्या नियंत्रकामागे आहे त्याचा ड्रायव्हर माझ्याजवळ नाही’ असे लिहायला कोणती अडचण होती?

अडचण नव्हती, याला पुरावा आहे. बसवण्याचे काम चालू असताना शिफ्ट आणि एफ-१० या कळा एकत्र दाबल्या तर आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडता येते. तेथून ‘पँथर’ नावाच्या फोल्डरात गेले की बसवणाऱ्या प्रणालीने लिहिलेल्या नोंदवह्या सापडतात, त्यांतली एक तर केवळ चुकांसाठी राखलेली आहे. त्या नोंदी सुबोध नसतात, पण कोणती पायरी चालू होती आणि कशापाशी काम अडले याचा माग त्यांत बहुधा लागतो. म्हणजे यंत्र आतल्या पानावर तपशील लिहिते आणि बाहेरच्या पाटीवर ‘काहीतरी घडले’ असे टांगते. जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झाली तेव्हा संगणक तिला पात्र आहे की नाही हे सांगणारे एक साधन मायक्रोसॉफ्टने दिले होते. ते ‘हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही’ एवढेच सांगे. टीपीएम २.० बायोसमध्ये नुसते बंद आहे म्हणून नकार मिळाला, की प्रोसेसर जुना आहे म्हणून, हे कळत नसे. ओरड झाली. काही दिवसांतच ते साधन मागे घेतले गेले आणि पुढे कारणांसह परत आले. ओरड झाल्यावर जे सांगता आले ते ओरडीपूर्वीही सांगता आले असते.

२०१२ च्या विंडोज ८ पासून निळ्या पडद्यावर रडवेला चेहरा काढण्याची प्रथा पडली. चूक सांगण्याऐवजी चुकीबद्दल दुःख व्यक्त करणारे यंत्र ही एक विलक्षण कल्पना आहे. शोकसभेत मृत्यूचे कारण विचारू नये हा शिष्टाचार आहे. दुरुस्तीच्या टेबलावर तो आणला की दुरुस्ती अशक्य होते. २०२५ मध्ये हा पडदा काळा झाला, चेहरा गेला, आणि चुकीचे नाव व संशयित ड्रायव्हर त्यावर अधिक स्पष्टपणे दिसू लागले. हे चांगले झाले. त्याला तेरा वर्षे का लागावीत, हे विचारण्याचा हक्क आम्ही सोडत नाही.

आता दुसरा पक्ष. कारण हाती नसले की माणूस तोडग्याकडे वळतो. ‘फॉरमॅट मार’, ‘दुसऱ्या पेनड्राइव्हने बघ’, ‘रॅम काढून खोडरबराने पूस’, ‘थोडा वेळ बंद ठेव’. यांतील एखादा उपाय एखाद्या वेळी लागूही पडतो. रॅमच्या संपर्कपट्टीवर मळ असेल तर पुसल्याने फरक पडतोच. परंतु तो का लागू पडला हे विचारले जात नाही, म्हणून पुढच्या खेपेला काही शिकल्याचा फायदा मिळत नाही. निदान आणि तोडगा यांतला भेद येथेच आहे. निदान करणारा एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि परिणाम पाहतो. तोडगा करणारा पाच गोष्टी एकदम बदलतो आणि संगणक चालू झाला की पैसे घेतो. दृष्ट काढल्यावर मूल रडायचे थांबले तर दृष्टच लागली होती असे मानणाऱ्यांना हसणारा सुशिक्षित वर्ग संगणकाच्या दुकानात निमूटपणे दृष्ट काढून घेतो, याचे आम्हांला नवल वाटते. दुकानदाराला एकट्याला दोष देण्याचे कारण नाही. पाच मिनिटांत उत्तर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला रात्रभराची चाचणी परवडत नाही.

यावर पूर्वपक्ष असा येईल : सामान्य माणसाला या कारणांशी काय करायचे आहे? मोटार चालवणाऱ्याला इंजिन कळायला हवे का? नको. पण मेकॅनिकने ‘काहीतरी घडले, साडेतीन हजार द्या’ असे म्हटले तर मोटारवाला पैसे देईल का? कोणता भाग गेला एवढे तो विचारतोच, आणि जुना भाग परतही मागतो. आमची मागणी तेवढीच आहे. दुसरा आक्षेप : ज्याला हा व्याप नको त्याने तयार ब्रँडेड संगणक घ्यावा. अवश्य घ्यावा. पण जुळवलेला संगणक घेणारे अनेक जण हौशी नसतात. आज रॅम आठची घ्यावी, पुढच्या वर्षी सोळा करावी, असा हिशेब करणारे विद्यार्थी, छोटे छापखाने, डीटीपीवाले, लेखनिक यांचा तो संगणक असतो. त्यांच्या दृष्टीने चार दिवस बंद पडलेले यंत्र म्हणजे चार दिवसांची बुडालेली मजुरी होय. कारण न कळण्याची किंमत सर्वांत जास्त तेच मोजतात.

उरला तिसरा पक्ष. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. आम्हांलाही आनंद झाला. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे ठराव त्याआधीही होत होते, नंतरही होत आहेत. परंतु या ज्ञानाची कल्पना आपण मोठी सोवळी ठेवली आहे. परिभाषेचे कोश आपण निष्ठेने केले. ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ला कार्यप्रणाली म्हणावे की संचालन प्रणाली, यावर आपण वाद घालू शकतो. नुसत्या नामांनी मात्र ज्ञान चालत नाही. ‘चूक दर वेळी बदलते, म्हणून दोष रॅममध्ये असावा’ या वाक्यात रॅम हा शब्द इंग्रजी राहिला तरी काही बिघडत नाही. त्यातला ‘म्हणून’ मराठी आहे आणि काम तो करतो. असे ‘म्हणून’ असलेले गद्य आपण या विषयांवर फारसे लिहिलेले नाही. बसवण्याच्या कृती लिहिल्या, त्याही ‘येथे क्लिक करा, मग पुढे जा’ अशा. पुढे जाता आले नाही तर काय, हे पान बहुतेक कृतींत कोरेच असते.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले. तोवर ‘अंदाजाने’ या शब्दावर चाललेली विद्या वाटी-चमच्याच्या मापांत लिहिता येते, हे त्या पुस्तकाने दाखवले आणि सासर-माहेरापासून दूर संसार थाटणाऱ्यांना त्याचा आधार झाला. ती कामे हलकी नव्हती आणि ती मराठीत लिहिल्याने मराठी हलकी झाली नाही. दुकानातल्या टेबलावरची विद्या आज त्याच स्थितीत आहे. ती आहे, उत्तम आहे, पण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते, आणि जाताना कारणे वाटेत सांडतात.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. कंपन्यांनी चूक सांगताना कोणती पायरी चालू होती, काय अपेक्षित होते आणि काय सापडले, या तीन गोष्टी पडद्यावर लिहाव्यात. नोंदवहीत त्यांचा माग असतोच. दुकानदाराने संगणक देताना बिलासोबत एक कागद द्यावा : भागांची नावे, बायोसची आवृत्ती, रॅम कोणत्या वेगावर ठेवली आहे, आणि तिची चाचणी किती वेळ घेतली. ग्राहकाने त्या कागदासाठी एक दिवस अधिक थांबावे. आणि मराठीत लिहिणाऱ्या ज्यांनी ज्यांनी असे यंत्र कधी ना कधी उभे केले आहे, त्यांनी ते कसे उभे केले याबरोबरच कुठे अडले आणि का अडले, तेही लिहावे.

एवढे झाल्यावरही रॅमची एखादी स्टिक सदोष निघणारच, पेनड्राइव्ह खराब व्हायचा तो होणारच. फरक इतकाच पडेल की दुकानात परत आलेला माणूस ‘काहीतरी झालंय, विंडोज परत टाकून द्या’ असे म्हणणार नाही. ‘दोन्हींपैकी ही स्टिक एकटी ठेवली तरी चाचणीत नापास होते, दुसरी रात्रभर चालली, ही बदलून द्या,’ असे तो म्हणेल, आणि दुकानदाराला ती बदलून द्यावी लागेल.